साधनाने कुठे थांबावे

डहाणूच्या खाडीकाठी कोळशावर चालणारे औष्णिक वीज केंद्र आहे. त्याचे २५० मेगावॉटचे दोन संच १९९०च्या दशकाच्या मध्यापासून मुख्यतः मुंबईच्या उपनगरांसाठी वीज तयार करत आले आहेत. त्या उपनगरांतल्या एखाद्या दिवाणखान्यात रात्री कोणी किशोरीताई आमोणकरांचे ध्वनिमुद्रण लावले, तर स्पीकरचा पडदा हलवणारी शक्ती गायिकेच्या गळ्यातली नसते आणि तबकडीतलीही नसते. ती भिंतीतल्या सॉकेटमधून आलेली असते. ॲम्प्लिफायर आवाज वाढवतो असे आपण सहज म्हणतो. पण वाढायला मुळात फारसे काही हाती नसते. सुईने किंवा चिपने वाचलेला संदेश इतका क्षीण असतो की त्याने कागदाचा पडदाही हलणार नाही. ॲम्प्लिफायर बाहेरून आलेल्या विजेच्या मोठ्या प्रवाहाला त्या क्षीण संदेशाच्या आकारात वळवतो. ली द फॉरेस्टने १९०६ मध्ये ट्रायोड व्हॉल्व्ह बनवला तेव्हापासून, आणि १९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्मल्यानंतरही, तत्त्व हेच राहिले आहे: शक्ती एकाची, आकार दुसऱ्याचा. म्हणजे हे यंत्र एक मोठी प्रत तयार करते, आणि प्रतीचा गुण एकच, मुळाशी इमान. या अर्थाने ॲम्प्लिफायर एक साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराने स्वतःच्या पदरचे काही घालू नये, ही त्याच्याकडून पहिली अपेक्षा असते. असे असताना पंचवीस हजारांपासून पंचवीस लाखांपर्यंत, आणि त्यापुढेही, या साक्षीदारांचा बाजार भरलेला दिसतो. त्यातून निवड करणाऱ्याला वाटते की आपण एक तांत्रिक प्रश्न सोडवतो आहोत. मला तो प्रश्न जुना आणि तत्त्वज्ञानाचा वाटतो. साधन किती चांगले झाले म्हणजे त्याने थांबावे, आणि थांबण्याची जागा आपल्याला कळते कशी?

या प्रश्नाचा नीट विचार करायला आपल्या परंपरेत एक उत्तम चौकट आहे, आणि ती संगीताच्या बैठकीपासून फार दूरची नाही. हजार वर्षांपूर्वी काश्मीरमध्ये अभिनवगुप्तांनी भरताच्या नाट्यशास्त्रावर टीका लिहिली. रस नेमका कधी अनुभवाला येतो, याचे त्यांनी दिलेले उत्तर आस्वादाच्या आड येणाऱ्या गोष्टींवरून सुरू होते. अशी सात विघ्ने त्यांनी सांगितली. समोरचे मुळात शक्यच न वाटणे हे एक. विशिष्ट स्थळकाळात आणि आपपरभावात अडकून पडणे हे दुसरे. स्वतःच्याच सुखदुःखाने व्यापून जाणे हे तिसरे. पुढची दोन आपल्या विषयाला थेट भिडतात: प्रतीतीचा उपाय अपुरा असणे, आणि प्रतीती अस्फुट, धूसर असणे. यानंतर गौण गोष्टीने प्रधानाची जागा घेणे येते आणि शेवटी येतो संशय. हे विवेचन नाटकाबद्दल आहे, ध्वनियंत्रांबद्दल नाही, ही हरकत रास्त आहे. पण अभिनवगुप्त बोलत आहेत ते रसिकाच्या चित्ताबद्दल, आणि ते चित्त रंगपीठासमोर बसले काय किंवा दोन स्पीकरांसमोर बसले काय, त्याची अडचण सारखीच असते. या यादीचे महत्त्व असे की ती दोन्ही बाजूंनी कापते. उपाय अपुरा असेल तर रस अडतो, म्हणून चांगल्या यंत्राची मागणी ही चैन आहे असे सरसकट म्हणता येत नाही. तानेतले स्वर एकमेकांत कालवणारा, मंद्रातला षड्ज गिळणारा, तबल्याची चाट बोथट करणारा ॲम्प्लिफायर खरोखर विघ्न आहे. पण हे विघ्न दूर झाल्यानंतरही साधनाचा शोध चालूच राहिला, तर तोच शोध उरलेली विघ्ने एकेक करून आत आणतो. यंत्र प्रधान होते, गाणे गौण होते. याहून चांगले काही असेल का हा संशय प्रत्येक आलापात डोके वर काढतो. आणि ऐकणारा स्वतःच्या मालकीच्या सुखात गुंततो. म्हणून ॲम्प्लिफायरला थांबण्याची जागा असते, ती शोधून सापडते, आणि ती ओळखणे हा ज्ञानाचा भाग आहे, काटकसरीचा नव्हे, असे माझे म्हणणे आहे.

पुरेसेपणा ही काही हवेतली कल्पना नाही, हे पाहायला त्याच डहाणूत आणि शेजारच्या तलासरीत पाड्यांवरच्या वाद्यांकडे वळावे. वारल्यांचा तारपा वाळलेल्या लांबट भोपळ्याचा असतो. भोपळ्यात वारा भरतो, त्याला बांबूच्या दोन नळ्या जोडलेल्या असतात, आत जिभल्या, सांध्यांना मेण, आणि शेवटी ताडाच्या पानांचा गुंडाळून केलेला कर्णा. वादक गालात हवा साठवून नाकाने श्वास घेत राहतो, त्यामुळे सूर तुटत नाही. भात तयार होण्याच्या सुमारास आणि कापणीनंतर हे वाद्य वाजते आणि वादकाभोवती हात गुंफलेल्या नाचणाऱ्यांचा फेर सर्पिलासारखा उलगडत जातो. डहाणू तालुक्यातल्या कळंबीपाड्याच्या जिव्या सोमा म्हशे यांनी, ज्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, हा फेर गेरूच्या रंगावर पांढऱ्या रेषांनी इतक्या वेळा आणि इतक्या अचूक काढला की तो जगभर पोहोचला. त्या चित्रांत तारपावाला नेहमी फेराच्या पोटात असतो. ध्वनीच्या दृष्टीने पाहिले तर ताडाचा तो कर्णा ॲम्प्लिफायर नाही. तो बाहेरून कणभरही शक्ती घालत नाही. नळीतल्या कंपनाला मोकळ्या हवेत उतरायला सोपी वाट करून देतो एवढेच. तारप्यातून बाहेर पडणारी सगळी शक्ती एका माणसाच्या फुप्फुसांतली आहे. म्हणून त्या आवाजाला स्वतःचा पल्ला आहे, आणि सूर बदलला की पाऊल बदलायचे असल्याने तो सूर ज्यांना स्पष्ट ऐकू येतो तेवढ्यांचाच फेर धरता येतो. अंगणाचे माप आणि आवाजाचे माप एकमेकांना धरून असते.

त्याच समाजात दुसरे एक वाद्य आहे, घांगळी. दोन भोपळे, एक दांडा, तार. कणसरी ही धान्याची देवता. तिची कथा सांगताना भगत घांगळी वाजवतो. घांगळीचा आवाज बारीक आहे, जवळ बसलेल्यांपुरता. तिचा पल्ला तारप्याएवढा नाही म्हणून ती कमअस्सल वाद्य ठरत नाही, कारण कथा ऐकायला माणसे जवळच बसतात. लग्न लावणारी धवलेरी तर वाद्याशिवाय गाते. भिंतीवर पालघाट देवीचा चौक लिहिला जात असताना तिचा गळा तेवढ्या खोलीला पुरतो. या तिन्हींत आवाजाचे माप आधी ठरलेले नाही. आधी काम ठरले आहे, नंतर ते काम करणाऱ्या माणसांतले अंतर, आणि त्यातून आवाज. 'अधिक' हा शब्द या रचनेत गुणवाचक होऊच शकत नाही. आज त्याच पाड्यांवर लग्नाला डीजे येतो, आणि मंचावरच्या कार्यक्रमांत तारप्यालाही मायक्रोफोन लागतो. यात वाद्याचा अपमान आहे असे मी म्हणत नाही. हजार माणसांना ऐकवायचे असेल तर दुसरा मार्ग नाही. पण सूर वादकाच्या जागेवरून सुटून खांबावरच्या स्पीकरमधून येऊ लागला की फेराला मध्य उरतो तो डोळ्यांपुरता. कान वेगळीकडे, पाय वेगळीकडे. शक्ती बाहेरून मिळाल्याबरोबर माप ठरवणारी आतली गोष्टही गेली. घरातल्या ॲम्प्लिफायरपुढे उभा असलेला माणूस याच अवस्थेत असतो. त्याला सॉकेटमधून हवी तेवढी शक्ती मिळू शकते, त्यामुळे किती हवी हे सांगणारे काहीही यंत्रात नसते. ते माप त्याला स्वतः काढावे लागते.

आणि ते निघते. साधारण प्रतीचा घरगुती स्पीकर एक वॉट शक्तीवर एक मीटर अंतरावर सुमारे ८७ डेसिबल आवाज देतो. ऐकणारा तीन मीटरवर बसला आहे, स्पीकर दोन आहेत आणि भिंतींवरून परतणारा आवाजही मिळतो असे धरले, तर त्याच्या कानापाशी एका वॉटला साधारण ८४ डेसिबल पोहोचतात. घरात मन लावून ऐकण्याची पातळी सरासरी ७५ डेसिबलच्या आसपास असते. तेवढ्यासाठी एक-अष्टमांश वॉट लागतो. होय, एवढाच. संगीतात अचानक उसळणारे क्षण असतात, पखवाजाची थाप किंवा समेवरचा तबला, आणि ते सरासरीच्या २० डेसिबल वर गेले तरी बारा-तेरा वॉटमध्ये काम भागते. पन्नास वॉटचा ॲम्प्लिफायर याच्या चौपट आहे. शंभर वॉटचा घेतला तर वाढतात फक्त तीन डेसिबल, कारण कानाचा हिशेब गुणाकाराने चालतो: आवाज दुप्पट वाटायला दहापट शक्ती खर्ची घालावी लागते. बोर्डी-घोलवडच्या चिकूवाडीतल्या घरात रात्रीची शांतता शहरातल्या फ्लॅटपेक्षा दहापंधरा डेसिबलने खोल असू शकते. तिथे आवाज तितका खाली ठेवूनही तेच बारकावे ऐकू येतील, म्हणजे शक्तीची गरज दहाव्या हिश्श्यावर येईल. इमानाचे आकडेही असेच बोलके आहेत. आजचा नीट बांधलेला ॲम्प्लिफायर मूळ आकारात शंभरातला एक शतांश भाग किंवा त्याहून कमी विकृती घालतो. स्पीकर मंद्रसप्तकात एक टक्का, कधी त्याहूनही जास्त घालतो, आणि सामान्य खोलीच्या भिंती खर्जातला एखादा स्वर दहा डेसिबलने फुगवतात तर दुसरा तितकाच दाबतात. आपल्या संग्रहातले उत्तम ते बरेचदा जुने असते, हीसुद्धा एक गोष्ट लक्षात घ्यावी. अब्दुल करीम खाँ किंवा बालगंधर्व यांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांचा पृष्ठभागीय खरखराट कोणत्याही चालू ॲम्प्लिफायरच्या स्वतःच्या गोंगाटापेक्षा कित्येक पटींनी मोठा आहे. चौथे आणि पाचवे विघ्न, अपुरा उपाय आणि अस्फुट प्रतीती, जिथे खरोखर बसलेले असते, तिथे ॲम्प्लिफायर क्वचितच असतो.

यावर पहिला आणि सर्वात जोरकस आक्षेप असा येतो की आकडे म्हणजे संगीत नव्हे. कान मीटरपेक्षा सूक्ष्म असतो, आणि अनुभवी श्रोत्याला ऐकू येणारा फरक प्रयोगशाळा नाकारू शकत नाही. मला हा आक्षेप मनापासून आदरणीय वाटतो, कारण रसाच्या क्षेत्रात अखेरचे न्यायालय कानच आहे. पण मग कानालाच विचारले पाहिजे, आणि एकट्या कानालाच विचारले पाहिजे. गौतमाच्या न्यायसूत्रांनी प्रत्यक्षाला प्रमाण मानले, पण सरसकट मानले नाही. इंद्रिय आणि विषय यांच्या संयोगातून निर्माण झालेले ज्ञान शब्दातून उपजलेले नसावे, ते ढळणारे नसावे, संदिग्ध नसावे, अशा अटी घातल्या. वाळवंटातले मृगजळ डोळ्यांना दिसतेच, तरी ते प्रमाण होत नाही. यंत्राचे नाव, पुढच्या पट्टीची जाडी आणि किंमत आधी कळल्यावर जो फरक ऐकू येतो, तो कानाचा की नावाचा, हे ठरवायचे तर नाव झाकावे लागेल. हे करून पाहिले गेले आहे. क्वाड कंपनीच्या पीटर वॉकर यांनी १९७८ मध्ये स्वतःच्याच तीन पिढ्यांचे ॲम्प्लिफायर, व्हॉल्व्हवर चालणारा क्वाड टू आणि ट्रान्झिस्टरचे ३०३ व ४०५, जाणकार श्रोत्यांपुढे नाव न सांगता ठेवले. श्रोत्यांना ते भरवशाने ओळखता आले नाहीत. अमेरिकेतल्या स्टिरिओ रिव्ह्यू मासिकाने जानेवारी १९८७ च्या अंकात अशीच एक मोठी चाचणी छापली. पंचवीस श्रोते होते, त्यांत फरक ऐकू येतो अशी खात्री असलेले होते आणि नसलेलेही, आणि यंत्रे सुमारे दोनशे डॉलरपासून बारा हजार डॉलरपर्यंतची होती. निकाल नाणेफेकीच्या जवळ आला. या चाचण्यांतली एक खबरदारी सांगण्यासारखी आहे: दोन्ही यंत्रांचा आवाज डेसिबलच्या एक-दोन दशांशांपर्यंत जुळवलेला असावा लागतो. अर्ध्या डेसिबलने मोठा आवाज 'मोठा' म्हणून जाणवत नाही, तो 'जास्त मोकळा', 'जास्त जिवंत' म्हणून जाणवतो. दुकानातली बहुतेक साक्षात्कारी प्रात्यक्षिके या अर्ध्या डेसिबलात आटोपतात.

चाचणीच्या ताणात बारीक फरक हरवतात, ते महिनोन्महिने सोबत राहिल्यावर कळतात, असेही म्हटले जाते. हे शक्य आहे. पण नाव झाकून ऐकण्याला घाईची अट कोणी घातलेली नाही. पडद्याआड काय आहे हे न सांगता यंत्र महिनाभर घरात ठेवता येते. जो फरक फक्त नाव उघडे असतानाच उमलतो आणि झाकताच मिटतो, त्याचे मूळ यंत्रात शोधण्यात अर्थ नाही. याउलट काही फरक खरे असतात आणि ते मान्य केले नाहीत तर माझाच युक्तिवाद लंगडा होईल. व्हॉल्व्हच्या कित्येक ॲम्प्लिफायरांचा आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे प्रवाहाला होणारा त्यांचा आतला विरोध, एक-दोन ओहम किंवा जास्त असतो. स्पीकरचा इम्पिडन्स प्रत्येक स्वराला वेगळा असल्याने अशा जोडीत काही स्वर उचलले जातात, काही दबतात, आणि ते ऐकू येते. काही स्पीकर खाली दोन-तीन ओहमपर्यंत उतरतात आणि दुबळा ॲम्प्लिफायर तिथे गडबडतो. पण या फरकांचे स्वरूप काय हे १९८५ मध्ये एका विलक्षण प्रसंगाने दाखवून दिले. बॉब कार्व्हर या अभियंत्याने स्टिरिओफाइल मासिकाच्या संपादकांना सांगितले की तुमच्या पसंतीच्या महागड्या ॲम्प्लिफायरचा आवाज मी माझ्या तुलनेने स्वस्त ट्रान्झिस्टर यंत्रातून काढून दाखवतो. दोन्हींच्या आउटपुटची वजाबाकी करत, उरलेला फरक शून्याकडे नेत त्याने काही दिवसांत यंत्र जुळवले, आणि संपादकांना दोघांत भेद करता आला नाही. ज्याला यंत्राचा आत्मा म्हटले जात होते, ती काही मोजक्या गुणांची बेरीज निघाली, आणि ती दुसऱ्या देहात घालता आली. आत्म्याबद्दलची आपली कोणतीच कल्पना इतकी स्वस्तात हस्तांतरित होणारी नाही. एखाद्याला व्हॉल्व्हचा तो उबदार रंग आवडत असेल तर त्याने खुशाल घ्यावा. मात्र तेव्हा तो साक्षीदार निवडत नाही, एक जास्तीचा वादक बैठकीत बसवतो आहे, आणि तो वादक किशोरीताईंनाही तोच रंग देईल, तारप्यालाही तोच.

इथवर मान्य केल्यावरही जो आक्षेप उरतो तो सर्वात खोल आहे. नावामुळे, घडणीमुळे, जड ॲल्युमिनियमच्या पट्टीमुळे मला आनंद अधिक होत असेल, तर तो आनंद खोटा कसा? आणि धर्माच्या दृष्टीने तर पुरेसेपणाचा हिशेब हीच एक कृपणता आहे. डहाणू तालुक्यातल्या विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या यात्रेत चैत्री पौर्णिमेच्या मध्यरात्री वाघाडीचा पुजारी ध्वज घेऊन डोंगराचा उभा सुळका चढतो. ध्वज खालीही लावता आला असता. तरीही तो अवघड चढ, तो काळोख, ती जोखीम यांवाचून त्या कृतीला अर्थच उरत नाही. गरजेपेक्षा जास्त देणे हा भक्तीचा प्राण आहे; मग गाण्याच्या उपासकाने गरजेपेक्षा जास्त का देऊ नये? मला या आक्षेपाने बराच विचार करायला लावले. त्याचे उत्तर मला त्या ध्वजातच दिसते. पुजारी जे जास्तीचे देतो ते वर डोंगरावर राहते आणि तो रिकाम्या हाताने उतरतो. त्याचे श्रम देवतेकडे आणि जमलेल्या हजारोंकडे वाहून गेले. यंत्राच्या खरेदीत जास्तीची रक्कम गाण्याकडे जात नाही, गायकाकडे जात नाही, वाद्य घडवणाऱ्या मिरजेच्या कारागिराकडेही जात नाही. ती वस्तू होऊन खरेदीदाराच्याच खोलीत परत येते. म्हणून या जास्तीला अर्पण म्हणता येत नाही. आनंदाच्या खरेपणाबद्दल बोलायचे तर, तो आनंद खरा आहे, पण त्याचा विषय वेगळा आहे. सुबक घडवलेली वस्तू जवळ असण्याचा तो आनंद आहे, आणि सुंदर घड्याळाचा किंवा पितळी समईचा आनंद जसा निर्दोष असतो तसा हाही असू शकतो. दोष येतो तो त्याला स्वरांचा आनंद समजण्यात. कारण स्वरांचा आनंद यमन ऐकून झाल्यावर पुन्हा यमनच मागतो. मालकीचा आनंद पुढचे मॉडेल मागतो.

जैन परंपरेने ही गोष्ट विशेष नेमकेपणाने पाहिली आहे. उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाचे लक्षण वस्तूंच्या संख्येवरून किंवा किमतीवरून केले नाही. मूर्च्छेवरून केले, म्हणजे वस्तूच्या ठायी चित्ताचे भान हरपण्यावरून. या कसोटीने दोन लाखांचा ॲम्प्लिफायर निष्परिग्रही असू शकतो आणि वीस हजारांचा परिग्रह ठरू शकतो. अवघड स्पीकर, मोठी खोली, पाश्चात्त्य वाद्यवृंदाचे प्रचंड चढउतार ऐकण्याची आवड, असे असेल तर दोनशे वॉटची खरी गरज पडते आणि ती भागवण्यात मूर्च्छा नाही. उलट स्वस्त यंत्र आणून रोज त्याच्या तारा बदलत बसणारा मूर्च्छितच आहे. म्हणून अपरिग्रहाच्या नावाने कुणाच्या दिवाणखान्यातल्या किमती मोजत फिरणे मला मान्य नाही. मात्र भान हरपल्याची एक खूण बाहेरूनही दिसते, आणि ती आपल्याला पुन्हा डहाणूला आणते. शुद्ध क्लास ए पद्धतीचा, प्रत्येक बाजूला ५० वॉट देणारा ॲम्प्लिफायर गाणे चालू असो वा नसो निदान २०० वॉट ओढत राहतो, आणि त्यातला बहुतेक भाग उष्णता म्हणून सोडतो, तर ऐकणाऱ्याच्या कानी पडायला एक-अष्टमांश वॉट पुरला असता. रोज चार तास धरले तर वर्षाला सुमारे २९० युनिट झाले, म्हणजे दीडशे-दोनशे किलो कोळसा. वातानुकूलन यंत्राच्या मानाने हे काहीच नाही आणि यावरून कोणाला गुन्हेगार ठरवायचा माझा हेतू नाही. पण डहाणू हा १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झालेला तालुका आहे; त्याच्या रक्षणासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमावे लागले, आणि तिथल्या औष्णिक वीज केंद्राच्या धुरातला गंधक काढणारी यंत्रणा बसायला २००७ उजाडले. चिकूच्या बागा आणि वारल्यांची भातखाचरे त्या चिमणीच्या टप्प्यात आहेत. आपल्या आवाजाची शक्ती कोणाच्या आकाशातून येते याची जाणीव तारप्यावाल्याला श्वासागणिक असते. आपल्याला ती विचाराने आणावी लागते.

मग निवड करणाऱ्याने काय करावे? सातवे विघ्न, संशय, हे सर्वात चिवट आहे, कारण त्याला कोणत्याही खरेदीने उत्तर मिळत नाही. ते प्रमाणानेच मिटते. आधी स्पीकर ठरवावा, खोली पाहावी, आणि त्या दोघांना लागणारी शक्ती काढावी. चार ओहमच्या भारावर न डगमगणारा, पुरेसा शांत, आउटपुट इम्पिडन्स अगदी कमी असलेला ॲम्प्लिफायर आज मध्यम किमतीत मिळतो, आणि क्लास डी प्रकारातले कित्येक तर नव्वद टक्क्यांच्या घरात कार्यक्षम आहेत. डहाणूसारख्या किनारपट्टीवर खारी हवा जोडण्या आणि सांधे खाते आणि पावसाळ्यात वीज वरखाली होते. तिथे उघडता येणारा, सुटे भाग मिळणारा, जवळच्या शहरात दुरुस्त होणारा ॲम्प्लिफायर हा परदेशातून मागवलेल्या आणि बिघडल्यावर तिकडेच पाठवाव्या लागणाऱ्या यंत्राहून श्रेष्ठ मानायला हवा. साधनाचे टिकणे हाही साधनाचा गुण आहे. वयाचाही प्रामाणिक हिशेब करावा. मोठी रक्कम हाताशी येते त्या वयात बहुतेकांच्या कानांनी वरच्या कंपनसंख्यांचा बराच भाग गमावलेला असतो, आणि कानाचे हे उणेपण ॲम्प्लिफायर बदलून भरत नाही. कानाची तपासणी आणि गरज असेल तर श्रवणयंत्र, जे स्वतःच बारीकशा बॅटरीवर चालणारे एक ॲम्प्लिफायर आहे, यांनी ते अंशतः भरते. एवढ्यावरही दोन यंत्रांत मन अडकले असेल, तर दोन्ही घरी आणावीत, मीटर लावून आवाज जुळवावा, अदलाबदल दुसऱ्याकडून करवून घ्यावी, आणि आपल्याला पाठ असलेला एक आलाप ऐकत जितके दिवस हवे तितके दिवस कागदावर खुणा कराव्यात. खुणा यंत्रांशी जुळल्या तर जे आवडले ते निःशंकपणे घ्यावे. जुळल्या नाहीत तर स्वस्त यंत्र ठेवावे, आणि उरलेली रक्कम चांगल्या स्पीकरला, खोलीच्या जाड पडद्यांना, नाहीतर समोर बसून गाणाऱ्याच्या छोट्या मैफलीला द्यावी, जिथे ॲम्प्लिफायर बहुधा लागतच नाही.